निळ्या डोंगरावरची लाल छत्री

आमच्या घरात 'बुरशी' हा शब्द कोणी उच्चारला की सौभाग्यवतींचा हात आपोआप लोणच्याच्या बरणीकडे जातो. दादरा सुटतो, वास घेतला जातो आणि सर्व ठीक आहे अशी खात्री पटल्यावरच पुढचे बोलणे होते. त्यामुळे "उटीला आठ दिवस राहून काय पाहिलंत?" या प्रश्नाला मी "बुरशी!" असे खरे उत्तर देऊ लागलो, की ती घाईघाईने म्हणते, "अहो, काहीतरीच काय? बाग पाहिली, तळं पाहिलं, दोड्डबेट्टा पाहिला!"

तेही पाहिले. पण बाग आणि तळे यांची छायाचित्रे आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतात. त्यासाठी दिवाळी अंकाची पाने कशाला खर्ची घालायची? मी सांगणार आहे ते या डोंगरांच्या पायाखालचे, मातीतले. आणि ते सांगण्याआधी आमच्या अण्णांविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे.

अण्णा म्हणजे आमचे वडील. यंदा त्यांची जन्मशताब्दी. रत्नागिरी जिल्ह्यात आमच्या गावी वाटणीत आलेली साडेतीन एकर जमीन आहे. खाली डोंगरउतारावरचे वरकस आणि त्याच्या माथ्यावर कातळाचा सपाट सडा. वरकसाची एक कड गावदेवीच्या देवराईला लागून आहे. अण्णांच्या तरुणपणी या वरकसात नाचणी आणि वरी होत असे. झाडांचे कवळ तोडायचे, वाळवायचे, जमिनीवर पसरून भाजावळ करायची आणि राखेत पेरायचे. तीन-चार वर्षे पीक घेतले की जमीन ओस टाकायची आणि पुढचा तुकडा धरायचा. सारे गाव तेच करी, पोटासाठीच करी. पण म्हातारपणी गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत बसून अण्णा म्हणत, "मी डोंगर बोडका केला. तुम्ही कुणीतरी झाडं लावा रे." हे आम्ही सर्व भावंडांनी ऐकले होते आणि संसाराच्या धबडग्यात सर्वांनीच विसरून टाकले होते.

शताब्दी जवळ आली तसे आमचे वडीलबंधू, दादा, जागे झाले. हजार झाडे लावायची! हा आकडा दादांचा. ते बँकेत होते. त्यांना पूर्ण आकडे आवडतात. भावंडांची वर्गणी जमली, खजिनदार मी. बहुतेक रोपे ऑस्ट्रेलियन बाभळीची घ्यायची, कारण ती कुठेही तग धरते आणि गुरे तिला तोंड लावीत नाहीत. आणि लावायची मुख्यतः सड्यावर, कारण "तिथं नुसता कातळ आणि चार महिन्यांचं गवत. जागाच जागा!" रोपवाटिकेला इसार द्यायचा तेवढा बाकी होता.

माझ्या मनात एक सल होता. पाच वर्षांपूर्वी मी हौसेने खालच्या वरकसात जांभूळ, ऐन, किंजळ यांची दोनशे रोपे लावली होती. खड्डे खणले, खत घातले, कुंपण केले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मोजली तर अकरा उरली होती. राखणीच्या गड्याने गुरांना दोष दिला, गुरांच्या मालकाने उन्हाला दिला आणि दादांनी मला. तेव्हा या खेपेस हजारांची जबाबदारी अंगावर घेताना छाती धडधडत होती.

अशा मनःस्थितीत गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत आमच्या साडूंचे बोलावणे आले. ते लष्करातून निवृत्त होऊन कुन्नूरला स्थायिक झाले आहेत. सौ. म्हणाली, "जाऊ या. हिरवंगार पाहून तुम्हांला जरा हुरूप येईल." बरोबर आठ वर्षांची नात घेतली आणि निघालो.

* * *

कोइम्बतूरपर्यंत मोठी आगगाडी आणि पुढे मेट्टुपाळयमहून ती सुप्रसिद्ध छोटी गाडी. या गाडीची मौज अशी, की चढावर इंजिन पुढे नसते, मागे असते. ओढायचे काम नाही, ढकलायचे. कल्लार सोडले की रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी सुरू होते आणि इंजिनाची दातेरी चाके तिच्यात अडकवत अडकवत गाडी डोंगर चढू लागते. १८९९ साली ती कुन्नूरपर्यंत आली, १९०८ साली उटीपर्यंत. ४६ किलोमीटरला जवळजवळ पाच तास! आमच्या नातीने तेवढ्या वेळात १६ बोगदे मोजले आणि प्रत्येकात किंकाळी फोडली.

खाली सुपारीच्या बागा, मग दाट रान, मग धुके, आणि कुन्नूरनंतर एकदम देखावा पालटतो. उंच, सरळ, निळसर पानांचे निलगिरीचे वृक्ष. त्यांच्यामागे चहाचे मळे. हवेत सर्दीच्या औषधाचा वास. "बघा, किती जुनं जंगल!" असे मी म्हणालो.

स्टेशनावर घ्यायला आलेल्या सूनबाई मंद हसल्या. या साडूंच्या सूनबाई. माहेर मदुरेचे, वनस्पतिशास्त्र शिकवितात, आणि सासूबाईंकडून मराठी इतके छान शिकल्या आहेत की फक्त लिंगाच्या बाबतीत झाड आणि माणूस यांच्यात कधी कधी गोंधळ होतो. त्या म्हणाल्या, "काका, हा झाड नीलगिरीचा नाही. नाव नीलगिरी, पण माणूस ऑस्ट्रेलियाचा!"

ती थट्टा नव्हती. पुढच्या दोन दिवसांत आमची चांगलीच उजळणी झाली. १८१९ साली कोइम्बतूरचे कलेक्टर जॉन सलिव्हन या डोंगरांवर आले तेव्हा त्यांना येथे दिसली ती मैलोगणती गवताची कुरणे. त्यांत तोडा लोक म्हशी चारीत. डोंगरांच्या घळींमध्ये मात्र ठेंगण्या, दाट, काळ्याभोर रानाचे पुंजके. त्यांना 'शोला' म्हणतात. गवत आणि शोला, शोला आणि गवत; जणू हिरव्या शालीवर गर्द ठिपके. साहेबांना हवा आवडली, घरे बांधली, थंडीत शेकोट्या पेटल्या आणि सरपणासाठी शोला तुटू लागले. मग जळणाची तरतूद म्हणून परदेशी झाडे आली. निलगिरी १८४३ साली आली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातलीच वॉटल नावाची बाभूळ आली. पुढे स्वातंत्र्यानंतर कातडी कमावण्यासाठी वॉटलची साल हवी, कृत्रिम रेशमासाठी निलगिरीचा लगदा हवा, म्हणून कुरणांवर ओळीने लागवड झाली. मेक्सिकोतला पाइनही आला. 'ओसाड' कुरणे हिरवी होत आहेत, याचा सर्वांना आनंदच होता. देशाला झाडे हवी होती आणि झाडे लावणारे हात प्रामाणिक होते. माझ्या खिशातली हजार झाडांची यादी एकाएकी जड वाटू लागली, एवढे खरे.

* * *

तिसऱ्या दिवशी आम्ही उटीहून गुडलूरच्या रस्त्याला तलकुंद्यानजीकचे पाइनचे बन पाहायला गेलो. सिनेमावाल्यांचे ते आवडते ठिकाण. उतारावर सरळसोट खांबांसारखी झाडे, खाली तपकिरी सुयांचा मऊ गालिचा आणि तळाशी जलाशयाचे पाणी. "किती स्वच्छ!" सौ. म्हणाली. "खाली एक काटाकुटा नाही की तण नाही."

"हो ना, मावशी," सूनबाई म्हणाल्या. "काहीच नाही!"

तेवढ्यात नात ओरडली. एका झाडाच्या बुंध्याशी, सुयांतून डोके वर काढून, एक लालभडक छत्री उभी होती. वर पांढरे ठिपके. परीकथांच्या पुस्तकात जिच्यावर बुटके बसतात तीच! तिने हात पुढे केला मात्र, सूनबाईंनी तो झटकन् धरला. ही छत्री विषारी. पोटात गेली तर ओकाऱ्या होतात, भ्रम होतो; रानातली अनोळखी छत्री मुलांनी हाताळूच नये. नातीने हात मागे घेतला, पण प्रश्न केला तो अगदी मुद्द्याचा. "पण परीच्या गोष्टीतली छत्री उटीला कशी आली?"

"झाडाबरोबर," सूनबाई म्हणाल्या. "ती त्याची सोबतीण आहे."

आणि तेथेच एका दगडावर बसून आमचा वर्ग भरला.

आपण जिला छत्री म्हणतो ते नुसते फळ. खरा जीव जमिनीखाली, केसाहून कितीतरी बारीक अशा तंतूंच्या रूपाने पसरलेला. चमचाभर चांगल्या मातीत असे तंतू कित्येक मीटर भरतात. हे तंतू झाडांच्या कोवळ्या मुळांशी सोयरीक करतात. मुळे जेथे पोचू शकत नाहीत अशा बारीक फटींतून ते पाणी आणि स्फुरद आणतात आणि झाडाला देतात; झाड पानांत रांधलेली साखर त्यांना देते. काही झाडे आपल्या कमाईचा पाचवा हिस्सादेखील या सोबत्यांवर खर्च करतात. १८८५ साली फ्रँक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने या सोयरिकीचे बारसे केले. खरे तर त्याला सरकारने सांगितले होते ट्रफल नावाची महागडी भूछत्रे पिकवायला! ट्रफलचे पीक हाती आले नाही, पण मुळे आणि बुरशी यांचा संसार सापडला. पुढे स्कॉटलंडमध्ये ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे जीवाश्म तपासले, तर त्यांतही असेच सोबती निघाले. म्हणजे हा संसार जमिनीवरच्या रानांइतकाच जुना.

"लोणच्यावरची ती हीच का?" सौ.ने विचारले.

"घराणं एक, पण वळण निराळं," सूनबाई म्हणाल्या. लोणच्यावरची फुकट खाणारी. ही देऊन घेणारी.

आता यात दोन मोठ्या जाती. एक जात मुळाला बाहेरून पायमोज्यासारखी लपेटते आणि हंगामात वर छत्र्या उभ्या करते. पाइनचे सोबती या जातीचे. दुसरी जात थेट मुळाच्या पेशींत शिरते. ती कधीच छत्री काढीत नाही, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. गवत, नाचणी, भात, आंबा, जांभूळ, आणि शोलातली बहुतेक झाडे यांचे सोबती हे अदृश्य लोक. पाइनला त्यांचा काही उपयोग नाही आणि त्यांना पाइनचा. एकाच जमिनीवर पण एकमेकांची भाषा न समजणारे शेजारी!

"मग पाइन इथं आला तेव्हा त्याचे सोबती इथं नव्हतेच?" मी विचारले.

यावर त्यांनी पोर्तो रिको बेटाची हकीकत सांगितली. तेथे १९३० च्या दशकापासून पाइन लावण्याचे प्रयत्न चालले होते. बी रुजे, रोप वीतभर होई, पिवळे पडे आणि खुंटे. खत घातले, पाणी घातले, जात बदलली, काही चालेना. शेवटी १९५५ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधून पाइनखालची थोडी माती आणून काही रोपांच्या मुळाशी घातली. ती रोपे वर्षभरात तरारून वर गेली; शेजारची, माती न मिळालेली, तशीच खुरटी राहिली. कमी होते ते मातीतले ओळखीचे माणूस! तेव्हापासून, आणि काही देशांत त्याआधीपासूनही, रोपवाटिकेत जुन्या पाइनखालची माती मिसळण्याची रीत पडली. त्या मातीतून, रोपांच्या मुळांतून हे सोबती समुद्र ओलांडून डोंगरोडोंगरी गेले. नीलगिरीत पाइनच्या मुळांवर या लाल छत्रीची गाठ शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून नोंदली आहे. निलगिरीच्या झाडांबरोबर ऑस्ट्रेलियातले सोबती आले, तेही असेच.

"म्हणजे," मी म्हणालो, "झाड लावलं असं आपण म्हणतो, पण लावतो ते अख्खं बिऱ्हाड."

"आणि बिऱ्हाड नेहमी भाड्याचं राहत नाही, काका. न्यूझीलंडमध्ये ही लाल छत्री पाइनखालून निघून तिथल्या मूळच्या रानात शिरली आहे. तिथं ती आता मालकीण व्हायला बघते."

* * *

दुसऱ्या दिवशी ॲव्हलांच. उटीहून सुमारे २५ किलोमीटर. तेथून पुढे वनखात्याच्या गाडीतूनच जावे लागते, आणि ते योग्यच आहे. वळणे घेत गाडी वर चढली आणि एका खिंडीनंतर झाडांच्या ओळी संपल्या.

काय सांगू! समोर डोंगरामागून डोंगर नुसत्या गवताचे. वारा आला की सारा डोंगर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळल्यासारखा वाटे. घळीघळींत शोलाचे गर्द पुंजके. त्यांच्या कडा इतक्या रेखीव, की कोणी कात्रीने कापून चिकटविले असावेत. शोलातून झुळझुळ पाण्याचा आवाज. एका बाजूला नीलकुरिंजीची झुडपे. ही बारा वर्षांतून एकदा फुलतात. २०१८ साली फुलली, आता २०३० साली फुलतील. नातीने बोटांवर हिशोब करून आपण तेव्हा केवढ्या असू ते सांगितले. आपण असू की नाही, हा हिशोब आम्ही दोघांनी मनातच केला.

"इथली झाडं तोडूनच हे गवत झालं असेल ना?" दादांचा प्रश्न मी माझ्या तोंडाने विचारला.

सूनबाईंनी रस्त्यासाठी कापलेल्या दरडीकडे बोट दाखविले. गवताखाली हात-दीड हात काळीभोर माती, तिच्यात मुळ्यांची दाट जाळी, त्याखाली तांबडी. नीलगिरीच्या दलदलींत साचलेली अशीच काळी माती रमण सुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली आणि १९९३ साली प्रसिद्ध केली. गवताचा कर्ब आणि झाडाचा कर्ब वजनात जरा वेगळा असतो. त्यावरून कोणत्या काळी काय उगवत होते ते कळते. निष्कर्ष असा, की येथे गवत वीस हजार वर्षांपूर्वीही होते. थंडी-पावसाच्या फेऱ्यांप्रमाणे रान पुढे सरके, मागे हटे; पण गवत हा येथला जुना रहिवासी. हिवाळ्यात उघड्यावर दहिवर गोठते आणि झाडांची कोवळी रोपे करपतात, म्हणून रान घळी सोडीत नाही. म्हणजे साहेबाने ज्याला ओसाड म्हटले आणि आपणही म्हणत राहिलो, ते भरल्या घराचे अंगण होते.

त्या घरातली माणसेही होती. तोडांची देवळे अर्ध्या पिंपासारखी कमानदार असतात आणि ती दलदलीत उगवणाऱ्या एका विशिष्ट गवतानेच शाकारतात. वॉटलने दलदली आटवल्या तशी त्या गवताची वाण पडली. शेजारच्या पळणी डोंगरांत, कोडाइकनालच्या बाजूला, १९७३ ते २०१४ या काळात कुरणांचा दोन-तृतीयांश भाग नाहीसा झाला, असे मोजणीत आढळले आहे. तेथेही मुख्य कारणे तीच: लागवड आणि शेती.

"मग सोपं आहे," मी म्हणालो. "परकी झाडं तोडायची, की गवत परत!"

सूनबाई काही बोलल्या नाहीत. परतताना एका उतारापाशी त्यांनी आम्हांला थांबविले. तेथली परकी झाडे काढून टाकलेली होती. बुंधे शिल्लक होते. पण गवत कोठे? वॉटलची हजारो पोरे हिरव्या गालिच्यासारखी उगवली होती. मधूनमधून पिवळ्या फुलांची काटेरी विलायती झुडपे.

"झाडं गेली, काका. माती नाही गेली."

वॉटलचे बी मातीत कित्येक दशके वाट पाहत राहते. वॉटलच्या मुळांवरच्या गाठींनी मातीत नत्र भरून ठेवलेले असते. गरीब मातीत सुखाने राहणाऱ्या गवताला ती श्रीमंती मानवत नाही, तणांना मानवते. पाइन गेला तरी त्याच्या सोबत्यांचे सूक्ष्म बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. शेजारच्या बनातून वाऱ्याने पाइनचे बी आले, तर त्याचे स्वागत करायला घरात माणूस हजर! आणि गवताचे ते अदृश्य सोबती? इतकी वर्षे पाइनखाली त्यांना साखर कोणी दिली? ते क्षीण झालेले. त्यांचे बी जड, जमिनीखालचे. ते वाऱ्यावर फारसे उडत नाही. पाण्याबरोबर, उंदरा-घुशींबरोबर हळूहळू सरकत येते.

वर आणखी एक पेच. जुन्या वॉटलखाली सावली असते, दहिवर लागत नाही. तेथे शोलाची झाडे आपोआप रुजू लागली आहेत. आता ती परकी सावली तोडायची की ठेवायची? जाणत्यांतही यावर मतभेद आहेत.

फ्रान्समध्ये त्रोंसे नावाचे ओकचे मोठे रान आहे. त्याच्या पोटात रोमन काळातल्या वस्त्यांचे अवशेष सापडले. शेते होती, गुरे होती. मग माणसे गेली आणि रान वाढले. त्याला दीड हजारांहून अधिक वर्षे झाली. तरीही त्या वस्त्यांच्या जागी आजसुद्धा माती अधिक कसदार आहे, उगवणाऱ्या वनस्पती निराळ्या आहेत आणि ओकच्या मुळांवरच्या बुरशींची मांडणीदेखील निराळी आहे. रोमन साम्राज्य बुडाले, पण त्यांच्या शेणखताचा हिशोब मातीने अजून मिटविलेला नाही!

हे ऐकले आणि मला एकदम अण्णांची भाजावळ आठवली.

* * *

त्या रात्री कुन्नूरला कडाक्याची थंडी. शेगडीभोवती बसून मी सर्वांना आमच्या दोनशे रोपांची कथा सांगितली. सूनबाई म्हणाल्या, की न पाहता कारण सांगता येणार नाही. ऊन, गुरे, पाणी, सर्वच असते. पण वारंवार भाजलेली, कुदळलेली, मग धुपून गेलेली जमीन असेल तर तिच्यातले सोबती नक्कीच कमी झालेले असणार. भट्टीच्या मातीतल्या पिशवीतून आलेले रोप तेथे परक्या शहरात एकट्या पडलेल्या पोरासारखे.

"अहो," सौ. मध्येच म्हणाली, "ती अकरा झाडं उरली ती कुठली, आठवतं का? आपण जेवायला बसलो होतो ना, राईच्या कडेला, सावलीत? तिथलीच ती."

मी डोळे मिटून मोजले. अकरांपैकी नऊ देवराईच्या बाजूची होती. खजिनदार मी, रोपे मोजणारा मी; पण ती कोठे उभी आहेत हे पाहिले होते ते तिने. सावली, ओल, वाऱ्याचा आडोसा हे सारे राईकडून मिळत असणार. पण राईची मुळे आणि त्यांचे सोबती जमिनीखालून त्या पोरांपर्यंत आधीच पोचले होते, हेही असणार.

सूनबाईंनी हॉलंडमधल्या एका प्रयोगाचे सांगितले. २००६ साली तेथे जुन्या शेतजमिनीवरचा थर काढून काही ठिकाणी माळाची आणि काही ठिकाणी कुरणाची माती नुसती पातळशी पसरली. सहा वर्षांनी जेथे माळाची माती तेथे माळ, जेथे कुरणाची तेथे कुरण उभे राहू लागले होते. मी उडालोच. मग काय! देवराईतली चार पाट्या माती आणली की झाले!

तेवढ्या रात्री मी दादांना फोन लावला. इसार देऊ नका म्हटले. कारण विचारल्यावर जे सांगितले त्यात 'बुरशी' हा शब्द बराच वेळा आला असावा, कारण दादा म्हणाले, "तुला थंडी बाधली आहे. आधी काढा घे."

* * *

दिवाळीनंतर गावी गेलो. गुरवांकडे नारळ घेऊन गेलो आणि चार पाट्या मातीची गोष्ट काढली. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतले.

"भाऊ, राईतली काडी बाहेर जात नाय. माती तर नायच नाय." मी खट्टू झालेला पाहून ते जरा थांबले. "पण राईला आपण होऊन पुढं यायचं असेल तर देवी कशाला नको म्हणेल? कडेनं लावा. ती धरली की तिच्यापुढं लावा. राई हळूहळू चालत येईल."

सूनबाईंना हे कळविले तेव्हा त्यांचे उत्तर आले, "गुरवबाबा माझी प्राध्यापक आहे."

यंदा जूनमध्ये आम्ही गावातल्याच झाडांच्या बियांपासून केलेली ऐन, किंजळ, जांभूळ आणि रातांब्याची रोपे लावली. राईच्या कडेने, तीन ओळींत, एकशेवीस. खड्ड्याभोवतीचे गवत-झुडूप उपटले नाही, रासायनिक खत घातले नाही. सड्यावर एकही झाड लावले नाही. अण्णांच्या तसबिरीला हार घालताना दादांनी मोठ्याने उसासा टाकला. "हजारांत एकशेवीस! बारा टक्के!"

गणपतीत सारे कुटुंब गावी होते. विसर्जनाच्या आदल्या दिवशी मी दादांना सड्यावर घेऊन गेलो. पावसाने उघडीप दिली होती. कातळावरच्या बोटभर मातीत गेंदाची पांढरी, सीतेच्या आसवांची जांभळी, तेरड्याची गुलाबी फुले दूरवर पसरली होती. कास पठार पाहायला माणसे पैसे भरून जातात. हे आमच्याच घरावर होते आणि आम्ही तेथे बाभूळ लावणार होतो. आमच्या जिल्ह्यात अशा सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी कातळशिल्पे कोरली आहेत. म्हणजे हा कातळ तेव्हाही असाच मोकळा होता. अण्णांनी जाळले ते वरकस. सडा त्यांनी बोडका केला नव्हता; तो तसाच होता.

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खाली वरकसात उतरलो आणि त्यांनी एकेक रोप बोटाने मोजले. एकशेचौदा जिवंत. पहिलाच पावसाळा, खरी परीक्षा अजून दोन उन्हाळ्यांनी. हे मी त्यांना सांगितले, वाचकांनाही सांगतो.

घरी येऊन दादांनी वर्गणीची वही मागितली. चश्मा लावून, जमेच्या बाजूला त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले: 'झाडे १२०. बाकी ८८०, राईकडून येणे.'